साठीतलं कुत्रं आणि हळदीची राखण

हळद शिजवून वाळत घातली, की आमच्या कुरुंद्याकडं राखणीचा प्रश्न पेटतो. भाव चांगला असला की चोर हमखास येतात. त्या साली आमच्या आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या शेडवरचं, मोठं कुत्रं मेलं. दादांनी, माझ्या वडलांनी, फर्मान काढलं: घरातलं कुत्रं तिकडं बांधा, त्याच्या जोडीला मी जातोच.

घरातलं कुत्रं म्हणजे मांजरापेक्षा बोटभर उंच, पांढरं, झिपरं. कुकरची शिट्टी झाली की ते पलंगाखाली जायचं.

मी तेव्हा पाणी, रस्ते, एसटी अशा विषयांवर पत्रकं काढून वाटायचो. आता अन्याय थेट आमच्या ओसरीवर आला होता. मी निवेदन लिहून दादांच्या हातात दिलं. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. ताईच्या लग्नात आणलेलं पिल्लू आज अकराचं, म्हणजे सत्त्याहत्तरचं. या वयात सरकार एसटी फुकट देतं आणि हे घर राखणीला पाठवतं! जाहीर निषेध.

दादांनी ते शांतपणे वाचलं. म्हणाले, सत्त्याहत्तरचा म्हातारा काल शेजाऱ्याची कोंबडी पळवून आला.

शेजारी गाय बघायला गुरांचे डॉक्टर आलेच होते. त्यांनी कुत्र्याचे दात पाहिले आणि माझा मुद्दाच मोडीत काढला. साताचा हिशेब चुकीचा म्हणे. लहान जातीचं कुत्रं पहिल्या वर्षातच पंधराचं होतं, दुसऱ्यात चोवीसचं, पुढं वर्षाला साधारण चार. अकराचं म्हणजे साठ.

साठ! एसटीत अर्धं तिकीटसुद्धा नाही. पण कार्यकर्ता माघार घेत नसतो. मी ओसरीवर उभं राहून ठणकावलं, की सरकारी बाबू त्याच्याही आधी निवृत्त होतो. साठीतल्या जिवाला आखाड्यावर झोपवणं हा जुलूम आहे.

दादा बोटांवर काहीतरी मोजू लागले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्यांच्या नावापुढं अंदाजानं एक जूनची जन्मतारीख ठोकली होती. त्या हिशेबानं तेही यंदा साठचेच.

"म्हंजे हे माझ्या वर्गातलं हाय," ते कुत्र्याकडं बघत म्हणाले.

"व्हय," माय आतून म्हणाली. "दोघंबी जेवल्या जेवल्या घोरतेत."

दादांनी माझं निवेदन पुन्हा वाचलं, या वेळी मान डोलवत. "बराबर लिवलंय पोरानं. साठीतल्यानं काहून जावं आखाड्यावर?" मग त्यांनी सावकाश घरभर नजर फिरवली. साठीखालचं, रिकामं आणि धडधाकट असं त्यांना एकच दिसलं.

त्या संध्याकाळी बॅटरी आणि घोंगडी घेऊन मी हळदीपाशी बसलो. मच्छरांनी फोडून काढल्यावर, वाटाघाटीला जागा आहे का, हे विचारायला घरी फोन लावला.

"हळू बोल," माय कुजबुजली. "दोघं आत्ताच झोपलेत."