कमानीशेजारचा खांब

माझे वडील दगडाचं काम करत. त्यांच्या वडिलांनी आमच्या जुन्या रेल्वे स्टेशनाच्या इमारतीवर छिन्नी-टाकी चालवली होती. सावनेरकडून बैलगाड्यांनी आलेला तो पिवळट दगड त्यांच्या पिढीनं घडवला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी देवांच्या मूर्ती घडवणं बंद केलं. पाटे, उंबरठे आणि कामठीच्या छावणीतल्या ख्रिस्ती थडग्यांवरचे दगड, एवढंच मग करत. दोन यत्ता शिकलेले होते. पण मला मात्र त्यांनी ड्रॉइंगच्या कोर्सला घातलं आणि मी धरमपेठेतल्या एका वास्तुकाराच्या कचेरीत नकाशे शाईनं गिरवणारी ट्रेसर म्हणून लागले. आमच्या गल्लीतून टेबलखुर्चीवर बसायला जाणारी पहिली मुलगी मीच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. स्टेशनाला जोडून नवा हॉल बांधायचं काम आमच्या साहेबांना मिळालं. जुनी दगडी इमारत तशीच ठेवायची आणि तिच्या अंगाला सिमेंट-काचेचा उंच हॉल चिकटवायचा. साहेब पुण्याकडचे, उंचेपुरे, बोलायला गोड. नकाशा टेबलावर पसरून आम्हाला म्हणाले, "जुन्याचं आणि नव्याचं लग्न लावायचंय आपल्याला. भांडण व्हायला नको."

त्या नकाशावर अक्षरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. काम उरलं की मी त्याची प्रत घरी नेई. एका रविवारी दुपारी मी जमिनीवर कागद पसरून बसले होते. वडील जेवून उठले, हात पुसले आणि बाजूला उकिडवे बसले. त्यांना वाचता फारसं येत नसे, पण नकाशा त्यांना दगडासारखाच कळायचा.

"ही तुळई कशावर ठेवून राहिले?" त्यांनी बोट ठेवलं.

"जुन्या भिंतीवर. कमानीच्या बाजूला खोबण पाडून."

"बाजूला नाई वं. कमानीच्या खांद्यावर येऊन राहिली ती." ते बराच वेळ बघत राहिले. "कमान म्हनजे दोन्हीकडून एकमेकाले रेटून उभी असते. एकाच खांद्यावर असं वजन टाकलं त ती उघडते. तुह्या साहेबाले सांग, खाली वेगळा खांब घ्या म्हना. वजन जमिनीत जाऊ द्या."

सोमवारी मी सांगितलं. सगळे समोर असताना सांगितलं, ही माझी चूक. साहेबांनी चष्मा काढला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"ते कुठले इंजिनीअर?"

"दगडाचं काम करतात."

"अच्छा, पाटे-वरवंटे." साहेब हसले, रागानं नाही, अगदी मजेत. "मग नकाशा पाट्यावर वाटूनच घेऊ या की एकदा." कचेरी हसली. मोठे ड्राफ्ट्समन हसले, टायपिस्ट हसली. आणि मीही हसले. कोणी हसायला सांगितलं नव्हतं. तोंड आपोआप तसं झालं. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "सांगतलं का?" मी म्हटलं, "हो, बघतो म्हणाले."

चार-पाच महिन्यांनी हॉलचं छत ओतून झालं आणि खालचे टेकू काढायला सुरुवात झाली. दुसऱ्याच दिवशी कमानीच्या माथ्यापासून खांद्यापर्यंत भेग गेली. बोट जाईल एवढी. मजूर बाजूला झाले, टेकू पुन्हा घाईघाईनं लावले. साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आवाज बदलला होता.

"तुझे वडील येतील का एकदा? नुसतं बघायला."

वडील आले. हातात ओळंबा, खांद्यावर पिशवी. भेगेत बोट घालून ते ती खालपर्यंत चाचपत गेले. मी बाजूला उभी होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी सांगतलं होतं. ते म्हणाले, "कमान वाचते. पन घाई नाई करायची."

त्यांनी जवळजवळ दोन महिने तिथं काढले. मागची जुनी कुंपणाची भिंत पाडली होती, तिचे दगड ढिगात पडले होते. त्यातून त्यांनी एकेक निवडला, ठोकून आवाज ऐकला, टाकी लावली. दोन मजूर मदतीला. कमानीशेजारी तुळईखाली त्यांनी दगडी खांब उभा केला आणि सांधे इतके बारीक घेतले की नखही जाईना. वर खांब जरा रुंद होत गेला आणि कमानीच्याच वळणात मिसळला. मग कमानीचे निखळलेले दगड एकेक करून जागी बसवले. टेकू निघाले तेव्हा ते स्वतः खाली उभे राहिले. साहेब रस्त्यापलीकडे उभे होते.

काही हललं नाही.

नकाशा दुरुस्त झाला. मीच ट्रेस केला. कोपऱ्यातल्या चौकटीत रकाने असतात: कल्पना कोणाची, तपासलं कोणी, काढलं कोणी, ट्रेस कोणी केलं. कल्पनेच्या रकान्यात साहेबांचं नाव होतं, तसंच मी उतरवलं. ट्रेसरच्या रकान्यात माझी आद्याक्षरं टाकली. शाईचा पेन हातात होता. खाली बोटभर जागाही रिकामी होती.

उद्घाटनाला वडिलांनी पांढरा सदरा घातला. आईनं तो दोनदा धुतला होता. कचेरीतल्या प्रत्येकाला दोन पास मिळाले होते, माझे मी आई-वडिलांना दिले. पण प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि दोरी आवळली गेली. पहारेकऱ्यानं पास न बघताच त्यांना मागे सारलं. दोघं दोरीपलीकडे, हमालांच्या घोळक्यात उभे राहिले. मी आत होते. हातात फुलांचं तबक.

पाहुणे कमानीपाशी थांबले. त्यांनी खांबावर हात फिरवला. "हे जुनं की नवं?"

"हाच तर प्रश्न पडायला हवा होता," साहेब म्हणाले. "मूळ आराखड्यात नव्हतं हे. बांधकाम चालू असताना सुचलं मला. नव्याचा भार जुन्यावर टाकायचा नाही, शेजारी उभं राहायचं."

"आणि हे घडवलं कोणी?"

"इथलेच कारागीर. मिळतात असे, शोधावे लागतात."

मी तीन पावलांवर होते. दोरीपलीकडून वडील बघत होते. माझ्याकडे, खांबाकडे नाही. टायपिस्टनं माझ्या कोपराला स्पर्श केला. "कोण गं ते? केव्हाचे तुझ्याकडे बघतायत."

"ओळखीचे आहेत," मी म्हटलं.

मधे फार तर आठ-दहा हात अंतर होतं. बँड वाजत नव्हता, गाडी शिट्टी देत नव्हती. आवाज पोचू नये असं काहीच तिथं नव्हतं. थोड्या वेळानं पाहिलं तर दोघं निघून गेले होते.

घरी आले तेव्हा वडील जेवत होते. आईनं मला वाढलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे तिनंही ऐकलं होतं. वडील म्हणाले, "चांगला झाला कार्यक्रम." मग भात कालवत, "खांबाच्या बुडाशी पान्याची मोरी काढून राहिले ते. दगड पान्यानं खराब होते. सांगून पाह्य." मी सांगितलं नाही.

त्याच वर्षी मला नोकरीत कायम केलं. साहेब म्हणाले, "तुझ्यात संयम आहे."

पुढे वडिलांना खोकला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, छातीत दगडाची धूळ बसली आहे. शेवटचे महिने ते उशीला टेकून बसूनच असत. आडवं झालं की दम लागायचा. एकदा मी त्यांना कांजी पाजत होते. आई पाणी भरायला गेली होती. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी स्टेशनावर मी जे बोलले..."

"माहीत आहे मले."

"मी घाबरले होते."

"काहून? मी का मारनार होतो तुले?" दम घेत ते थांबले. "तुले नोकरी होती. तुनं नोकरी केली. मी माहं काम केलं. आता कांजी दे."

मला वाटलं, ते पुढे काही बोलतील. वाटी रिकामी होईपर्यंत वाट पाहिली. त्यांनी तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळले. ते गेले ऐंशी साल उलटल्यावर, उन्हाळ्यात.

वर्षभरानं मी स्वतःच साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, तो खांब माझ्या वडिलांनी सुचवला आणि घडवला, एवढं कचेरीच्या कागदावर लिहून द्या. मला काही मिळवायचं नाही. घरात ठेवीन.

साहेबांना आठवायला वेळ लागला. "हां, ते मिस्त्री! तुझे वडील, नाही का. गेले? अरेरे. हाताला वळण होतं हो त्यांच्या." मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पण असं लिहून देता येत नाही. उद्या प्रत्येक गवंडी येईल. तूच विचार कर, इतकी वर्षं आहेस आमच्यात."

त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. मी उठून जायला हवं होतं. मी बसले. चहा आला, बशीत ओतून मी तो सगळा प्यायले, आणि साहेबांनी पुढच्या नकाशाबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, गुरुवारपर्यंत होईल.