तिसऱ्या रांगेतली खुर्ची

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवली आहे. त्यामुळे आता तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही...

२००९ साल. दुबईतल्या एका ब्रिटिश युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये मी शेवटच्या वर्षाला होतो. वर्गात बहुतेक गोरे, आम्ही चार-पाच देशी, आणि एकच काळी मुलगी – नैरोबीची वांजिरू. गेटवरचा गार्ड रोज फक्त तिचंच आयडी तपासायचा. एकीने तर तिला सफाईवाली समजून टिश्यू मागितले होते! प्रोजेक्टच्या वेळी सगळ्यांचे ग्रुप आधीच ‘फुल’ झालेले असायचे. लेक्चर हॉलमध्येही तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच.

तिथे मी बसायचो. कारण इंटरनॅशनल सिटीहून येणारी आमची कारपूल रोज उशिरा पोचायची आणि तेवढीच जागा उरलेली असायची. बाकीचे आत जाऊ देताना नुसते गुडघे वळवतात. वांजिरू मात्र सरळ उठून उभी राहायची. ती उठली की तिची थिएटरसारखी खुर्ची खटकन वर मिटायची.

एकदा ती हसत म्हणाली, “कधीतरी वेळेवर ये. आणि तरीही इथेच बस.”

“इन्शाल्ला,” मी म्हटलं. दुबईत त्याचा अर्थ ‘बहुतेक नाहीच’ असा होतो, ते तिलाही ठाऊक होतं.

मग मंदी आली. तिचे वडील ज्या बांधकाम कंपनीत होते ती बंद पडली, घरातल्या सगळ्यांचे व्हिसा गेले. डिग्रीला एकच सेमिस्टर उरलं होतं. “खलास,” एवढंच म्हणाली आणि गेली. वर्गात कोणी विचारलंही नाही. मला सगळ्यांचा राग आला, माझा धरून.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम लवकरची बस पकडली. भर दुपार, सगळे दिवे चालू, हॉलमध्ये मी एकटा. सगळ्या खुर्च्या वर मिटलेल्या... तिसऱ्या रांगेतली कडेची, तिची, तेवढी खाली. मी जवळ गेलो – आणि ती खटकन वर मिटली!

अंगावर सर्रकन काटा आला. तरी आत जाऊन माझ्या जागी बसलो. मग ती खुर्ची, कुणीतरी टेकावं तशी, हळूच खाली आली. लेक्चर संपेपर्यंत खालीच होती. तिथे कोणी बसलं नाही. तसंही कोण बसणार होतं?

आई म्हणाली, “एसीचा झोत असेल रे.” स्प्रिंगची खुर्ची एसीने खाली येते? आणि वांजिरू चांगली जिवंत आहे, नैरोबीत एका दुकानात काम करते. डिग्री राहिली ती राहिलीच. म्हणजे भूत म्हणायचीही सोय नाही. मला आजतागायत याचं कारण कळलेलं नाही.

काही वर्षांनी फोनवर तिला हे सगळं सांगितलं. खुर्चीबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

“म्हणजे,” तिने विचारलं, “तू वेळेवर आला होतास?”