टेलरचाचांची नाडी

मार्चमध्ये दादासोचा फोन आला की आष्ट्याचे मोहिद्दीन मोमीन दुकानाच्या फळीवर खडूने लिहीत, 'दोन दिवस बंद. परीक्षा.' नवं गिऱ्हाईक ते वाचून हसायचं. साठी ओलांडलेल्या शिंप्याची कसली आलीय परीक्षा?

पण परीक्षा खरीच होती. सांगलीकडच्या एका मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे एकेक पेशंट ठेवतात. मुलाने त्याला प्रश्न विचारायचे, तपासायचं आणि परीक्षकाला आजार सांगायचा. मोहिद्दीनचाचा एकोणीस वर्षं असे पेशंट होते. लहानपणच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, आणि तिचा आवाज म्हणे थेट पुस्तकात लिहिल्यासारखा होता.

"चाचा, परीक्षा लागली," दादासो फोनवर म्हणायचा. तो वॉर्डातला जुना शिपाई. "अभ्यास झालाय न्हवं?"

"माझा कवाच झालाय. तुझ्या पोरांचं बघ."

पोरांचंही खरं तर चाचाच बघत. घाबरलेलं पोर कानात नळ्या घालून वाकलं की ते हळूच पुटपुटत, "मायट्रल स्टेनोसिस. घाबरू नगंस." हे दोन शब्द ते इतके स्वच्छ म्हणत की पोरांनाही तसे जमत नसत. शंभराला पाच कमी इतके डॉक्टर आपण पास केलेत, असं ते आष्ट्यातल्या चहाच्या गाड्यावर छातीवर हात ठेवून सांगत.

यंदा मात्र त्या छातीचं काहीतरी बिनसलं होतं. संक्रांतीपासून काळीज शिलाई मशीनसारखं टाके सोडत होतं. दोन टाके सुटायचे, मग चार घाईघाईने पडायचे. चाचा कापड टाकून उठत, दारात येत, परत आत जात, कात्री उचलत, ठेवत. एका झब्ब्याची बाही त्यांनी उलटी लावली.

"आवं, बूड टेकवा की एका जागी," रहिमतबी म्हणाली. "पायाला मुंगळे लागल्यात काय?"

"उकडतंय," चाचा म्हणाले. थंडीचे दिवस होते.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. कडेगावच्या कृष्णातची वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, दहा वर्षं परीक्षेला होती. मग ऑपरेशन झालं, पाणथरी काढली, आणि दादासोने यादीतून त्याचं नाव काढलं. "बरा झाला आन् कामातनं गेला," असं दादासोच हसत म्हणाला होता. चाचांना ते हसू आठवायचं. रेडिमेडच्या दिवसांत दुकानात कोणी फिरकत नव्हतं. वर्षातले दोनच दिवस असे, की पांढऱ्या कोटातली माणसं त्यांच्यापुढे वाकून उभी राहत.

परीक्षेच्या सकाळी पूजा मॅडमनी पेशंटना बाकावर बसवलं. त्या कॉलेजातल्याच डॉक्टर. मुलं पेशंटला खरंच तपासतात की पाठ केलेलं म्हणतात, आणि परीक्षेत ते कळतं का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं.

"चाचा, यंदा आजाराचं नाव सांगायचं नाही. मुलांनी विचारलं तर त्रास सांगायचा, पण खरा. आणि प्रत्येकाला तुम्ही मार्क द्यायचे. पाचापैकी. त्याने तुमचं नीट ऐकलं का, एवढंच."

दहावीला दोनदा बसून नापास झालेल्या चाचांनी कॉलर नीट केली आणि कागदावर सही ठोकली.

खाट नंबर तीन. पहिली चार मुलं आली. "नमस्कार टेलरचाचा," प्रत्येकजण गोड बोलला. प्रत्येकाने मनगट धरलं, घड्याळाकडे पंधरा सेकंद पाहिलं आणि चाराने गुणलं. चाचा ओठ मिटून बसले होते, तरी चौघांनीही आजार बरोबर सांगितला. वरच्या वर्गाच्या वह्यांतून 'आष्ट्याचे शिंपी' कधीचे खाली पोचले होते. त्याच वह्यांतून चौघांनी आणखी एक गोष्ट सांगितली, "नाडी रेग्युलर." शेजारच्या फाइलमध्येही तेच होतं, गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवलेलं.

चाचांनी चौघांना पाच-पाच दिले. पण बसवेना. आत काळीज उड्या मारत होतं आणि चार डॉक्टर त्यावर हात ठेवून रेग्युलर म्हणून गेले होते.

पाचवी शिवांजली. कोरेगावकडची, फौजी बापाची पोरगी. तिने आधी हात चोळून गरम केले.

"काका, छातीत धडधडतं का?"

"न्हाई."

"चालताना दम लागतो?"

"वाईच."

तिने मनगट धरलं. पंधरा सेकंद गेले, तीस गेले. पूर्ण मिनिट झाल्यावर तिने नळी छातीवर ठेवून आणखी एक मिनिट मोजलं. मग पुन्हा मनगट. कागदावर आकडे लिहून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"काका, खरंच धडधडत नाही?"

"न्हाई म्हणलं की, बाई."

बाहेरगावचे परीक्षक आले. शिवांजली सांगू लागली, "सर, झडप अरुंद आहे. पण नाडी अनियमित आहे. छातीवर एकशे आठ, मनगटावर ब्याऐंशी. बाकीचे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत."

परीक्षकांनी फाइल उलटली. "इथं नियमित आहे. सकाळपासून चौघांनी नियमित सांगितलं. पेशंट धडधड होते म्हणाला?"

"नाही, सर."

"मग हे तू कुठून आणलंस?"

"मोजलं, सर. पूर्ण मिनिट."

"घाबरलं की मोजणी चुकते." त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला. शिवांजलीची मान खाली गेली.

कोपऱ्यात पूजा मॅडम बसल्या होत्या. परीक्षेत बोलायला त्यांना मनाई होती. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चाचांकडेच पाहत होत्या. एकोणीस वर्षं ज्यांना काही येत नव्हतं त्यांना चाचांनी पास केलं, आणि आज जिला येत होतं ती त्यांच्यामुळे नापास होत होती.

"साहेब," चाचा उठून बसले. "पोरगी बरोबर हाय. मीच खोटं बोललो."

"काय?"

"धडधडतंय. संक्रांतीपासनं. लय. टाकं सोडतंय काळीज. तिनं दोनदा इचारलं, मी दोनदा न्हाई म्हणलो."

परीक्षकांनी आपली नळी काढली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते वाकले. काटा एक फेरा फिरला. सरळ होऊन ते शिवांजलीला म्हणाले, "पुढे सांग. याचा धोका काय?"

"रक्ताची गाठ होऊ शकते, सर. ती मेंदूकडे गेली तर..." तिला भान आलं, पेशंट ऐकतोय. तिने चाचांच्या पायावर हात ठेवला. "लगेच औषध सुरू करायला हवं."

परीक्षकांनी मघाचा आकडा खोडला आणि दुसरा लिहिला.

दादासो चाकाची खुर्ची घेऊन आला. खाटेवरची तीन नंबरची पाटी काढताना म्हणाला, "चाचा, तुमची परीक्षा संपली."

"नापास?"

"अॅडमिट."

खुर्चीत बसल्यावर चाचांनी पूजा मॅडमना हाक मारली. "मॅडम, सकाळचे चार कागद द्या. पाच-पाच देऊन बसलोय, कमी करायचेत."

"दिलेले मार्क बदलता येत नाहीत, चाचा. संशोधनाला ते तसेच हवेत."

"मग हिला किती देऊ? पाचाच्या वर जागाच न्हाई की."

त्यांनी पाच लिहिले. समाधान झालं नाही. पेन्सिल पुन्हा घेऊन बाजूला लिहिलं, 'पुरं एक मिनिट.'

खुर्ची हलली. चाचांनी खिशातून फोन काढून रहिमतबीला लावला.

"झाली का परीक्षा? कवा येताय?"

"आज न्हाई. उद्याबी न्हाई." आत दोन टाके सुटले, चार घाईने पडले. "तू म्हणतीस न्हवं, एका जागी टेका. टेकलोय बघ. आता तू ये, आन् चिडू नगंस. एक सांगायचं राहिलंय."