उमरीला न जाणारी मोटार

माझ्या नवऱ्याला गाडीचा रोग नुसत्या आवाजावरून कळायचा, हे मी कुणापुढंही कबूल करीन. माणसाचा कळायचा नाही. किंवा कळायचा आणि तो न कळल्यासारखं करायचा. सासर म्हणजे काय ते मला त्या एका मोटारीनं शिकवलं.

आम्ही रेणापूरला राहत होतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी कचेरीचं काम म्हटलं की लोकांना उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता सगळी गर्दी लातूरकडं वळली. त्यात पावसानं दगा दिलेला. शेतात काम नव्हतं, म्हणून जो तो कसला ना कसला अर्ज घेऊन लातूरला निघायचा. नवऱ्याच्या मनानं घेतलं की आपली मोटार असली तर रोज सीटा भरता येतील. अशी एक मोटार माझ्या धाकट्या भावाकडं होती, उमरीला. मूळची पेट्रोलची, नंतर डिझेल इंजिन बसवलेली. भाऊ म्हणाला, "दाजी, लोण्यावानी चालती बघा." नवऱ्यानं एक चक्कर मारली. खरंच लोण्यासारखी चालली.

आमच्या बौद्धवाड्यात तोवर कुणाच्या दारात मोटार उभी राहिली नव्हती. आली त्या दिवशी बायकांनी चाकांवर तांब्यातांब्यानं पाणी ओतलं. त्या साली तांब्याभर पाणी कुणी पाहुण्यालाही सहजी देत नव्हतं.

थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स घरघरायला लागला. तिसरा गिअर टाकला आणि पाय जरा ढिला केला की दांडा सटकून मोकळा व्हायचा. नवऱ्यानं खाली निजून गिअरबॉक्सचा नट खोलला, तर तेलाबरोबर काळा, चोथ्यासारखा लगदा बाहेर आला. केळी होती ती. झिजलेल्या गिअरची घरघर दाबायला विकणारे लोक पिकलेली केळी आत कोंबतात, हे नवऱ्यानं नुसतं ऐकलं होतं. नांदेडच्या पलीकडं केळीच्या बागांना काय तोटा. माझ्या भावानं कोंबली आणि आपल्या मेव्हण्याला गाडी विकली.

नवऱ्यानं तो लगदा ताटात काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"घे," म्हणाला, "माहेरची शिदोरी आली."

सासू पदर तोंडाला लावून हसली. मी ताट राखेनं घासलं, रॉकेलनं पुसलं, तरी तेलाचा वास गेला नाही. पुढं कितीतरी दिवस मला त्याच ताटात जेवायला मिळालं. घरात दुसरी ताटं होती.

त्याच सुमारास उमरीहून निरोप आला. तेव्हा निरोप एस्टीच्या कंडक्टरच्या तोंडी यायचे. मायला दम्यानं धरलं होतं, झोपणं बंद झालं होतं, लेकीला बघायचं म्हणत होती. आधी मी एस्टीनंच जायचे. नांदेडला गाडी बदलली की झालं. मी पिशवी भरली. नवऱ्यानं ती खुंटीला अडकवली.

"दारात मोटार असताना माझी बायको एस्टीत उभ्यानं धक्के खात माहेरी जाईल? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. गाडी नीट होऊ दे. मोटारीतनं नेतो."

मला त्याचा राग आला नाही, हेच मला आज सहन होत नाही. उलट मी हरखले. मोटारीतून उतरताना माय मला बघेल, या विचारानं मी जिवाचं रान केलं.

गाडी नीट व्हावी असं नवऱ्यापेक्षा मलाच जास्त वाटायला लागलं. गिअरबॉक्स कलला तरी गिअर सटकतो, म्हणून त्यानं आधी खालचं फाटलेलं रबर बदललं. ट्रकच्या टायरचा तुकडा मी विळ्यानं कापून दिला. तरी सटकलाच. मग गिअरबॉक्स उतरवून गोणपाटावर ठेवला आणि आतली मेलेली स्प्रिंग बदलली. तिसरा गिअर जागेवर बसला. मी पुन्हा पिशवी काढली.

"आता स्टेअरिंग," तो म्हणाला. "डावीकडं ओढतीया."

मग मी स्टेअरिंगवर बसायचे. तो खाली निजायचा, एकेका सांध्यावर हात ठेवायचा आणि वर ओरडायचा, "हलीव. डावीकडं. थांब की, आंधळे." कुठला सांधा ढिला आहे ते त्याच्या हाताला कळायचं आणि हातातलं चाक किती पोकळ फिरतं ते माझ्या. सुरुवातीला चाक चार बोटं फिरलं तरी खालचं चाक हलायचं नाही. एक सांधा बदलला की दोन बोटं. सुतळीनं पुढची चाकं मापली, सुतळीचं एक टोक मी धरायचे. दोन्हीकडची हवा सारखी केली. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा, बदलली. टँकरपुढं उन्हात उभी राहून मी घागर आणायची, तर पहिलं पाणी मोटारीच्या रेडिएटरला, मग माणसांना. मला शेवटी, तळाचं.

एक दिवस चाक हलवलं तर बोटभरही पोकळ लागेना. मी खाली वाकून म्हटलं, "अहो, आता तर कायच प्ले न्हाई."

"तुला काय कळतंय? ओढतीया म्हणलं ना."

रोज सकाळी तीच मोटार माणसं कोंबून लातूरला जायची. टपावर सामान, मागं दाटीवाटी, पुढं एकाच्या मांडीवर दुसरा. मी विचारलं, इतकी माणसं चालतात, मी एकटी का नाही? तो म्हणाला, "लातूर इथंच हाय. उमरीच्या वाटंवर स्टेअरिंग सुटलं तर तुझ्या मायला खांदा द्यायचा का तुला?" सासूला ही गोष्ट फार पटली. ती शेजारणींना सांगत बसे, पोरगा बायकोला किती जपतो.

कंडक्टरचे निरोप येत राहिले. येतेच म्हणून मी सांगत राहिले. एकदा तो बिचारा म्हणाला, "बाई, तुमची माय रस्त्यानं मोटार वाजली की विचारती, आली का म्हणून. काय सांगू?" मी म्हटलं, स्टेअरिंग ओढतंय म्हणून सांगा.

शेवटचा निरोप सकाळच्या गाडीला आला. माय बोलायची बंद झाली होती. त्या दिवशी मात्र नवऱ्यानं बसलेल्या सीटा खाली उतरवल्या आणि म्हणाला, "बस."

मी पुढं बसले. अहमदपूर मागं पडलं. पुढं माळावरचा सरळ रस्ता, दोन्हीकडं करपलेलं रान. मी मनात म्हणत होते, माय, थोडं थांब. तेवढ्यात नवऱ्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि दोन्ही हातांनी सावकाश मळायला लागला.

स्टेअरिंगवर कुणाचाच हात नव्हता. गाडी सुतासारखी सरळ चालली होती.

मी त्याच्या हातांकडं बघत राहिले. त्यानं तंबाखू झाडली, दाढेखाली धरली, मग चाकावर हात ठेवला.

"कधीपासून नीट हाय?" मी विचारलं.

तो माझ्याकडं वळलाही नाही. "उन्हाळ्यातच झालं. किंगपिन बदलली तवाच."

"मग?"

"मग काय? तुझ्या भावाला कळू दे, केळी चारल्यावर कसं वाटतंय."

मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण मला उमरीला पोचायचं होतं आणि गाडी त्याला चालवता येत होती, मला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा माय गेली होती. फार वेळ झाला नव्हता. अंग अजून पुरतं थंड झालं नव्हतं. बायका म्हणाल्या, शेवटपर्यंत डोळे दाराकडंच होते. मी तिच्या पायाशी बसले. आत माणसं वंदनेला जमत होती, तरी बाहेरचं बोलणं मला ऐकू येत होतं. भाऊ रडून डोळे पुसत मोटारीपाशी गेला होता. त्यानं बॉनेटवर थाप मारली.

"जयभीम दाजी. बघा, म्हणलं न्हवतं का? अजून लोण्यावानी चालती."

"हाव," नवरा म्हणाला, "आता चांगली हाय."

ज्याला कळावं म्हणून हे सगळं केलं, त्याला त्यातलं काहीएक कळलं नव्हतं. तो केळीसुद्धा विसरला होता.

विधी उरकल्यावर नवरा न्यायला आला. भावकी, शेजारीपाजारी सगळे दारात उभे होते. त्यानं सर्वांदेखत मोटारीचं दार उघडून धरलं. मी पिशवी उचलली आणि त्याच्या समोरून चालत एस्टी स्टँडवर गेले. मागून कुणीतरी म्हणालं, दारात मोटार असताना? मला तेच ऐकायचं होतं.

एस्टीत मागच्या बाकावर जागा मिळाली. मागच्या काचेतून मोटार दिसत होती. नांदेडपर्यंत ती रिकामी आमच्या मागून आली. मी गाडी बदलली तर पुन्हा मागं लागली. माळावरच्या त्याच सरळ रस्त्यावर त्यानं तंबाखू मळली नाही, घाम पुसायलाही हात काढला नाही. रेणापूर येईपर्यंत त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.