सगुणाच्या फोटोतले दोन ठिपके

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका तांब्याच्या घंगाळाला चिंच लावून चकाकी आणणं. मी ठोकायचो, ती घासायची. नाशकात तांबट आळीत पस्तीस वर्षं हेच.

भूतखेत, भगत, उतारे... असल्यांना मी कायम शिव्याच घातल्या. शाळा तिसरीपर्यंत, लिहिताना चुकलं तर चुकलं. पण घडलं ते असं.

सन छत्तीस. सगुणाच्या, माझ्या बायकोच्या, अंगात रक्त नव्हतं. वैद्यांनी लोहभस्माच्या गोळ्या दिल्या – रोज दोन, तुपातून. तरी पोट दुखतच होतं. म्हणून टांगा करून डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेचं मशीन तेव्हा नवंनवं.

"औषध काय चालू आहे?"

"लोखंडाच्या गोळ्या. आत्ता निघतानाच दोन गिळल्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फोटो काढून उजेडापुढे धरला. कडेला तिच्या हातातली पाटली पांढरीफेक उमटली होती. "धातू असा दिसतो. गोळ्याही दिसल्या असत्या. पोटात काहीच नाही."

माझं डोकं फिरलं. आळीत टांग्यातून उतरताना सगळ्यांदेखत ओरडलो, "खोटारडी! गोळ्या थुंकतेस अन् वर कण्हतेस!"

तिनं गळ्याची कातडी चिमटीत धरली. "गळ्याशपथ, गिळल्या हो."

शेजारची भागाबाई हसली, "तांबटाच्या बायकोला लोखंड कसं पचायचं!"

चार दिवस मी सगुणाशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर तिची ट्रंक आवरताना तो फोटो हाती लागला. भर दुपारी दारातल्या उन्हात धरला... पाटली होती तिथंच. आणि पोटात दोन पांढरे ठिपके. मुगाएवढे.

तसाच डॉक्टरांकडे गेलो. कोपऱ्यातला नंबर त्यांच्याच हातचा, म्हणजे फोटो तोच. त्यांनी तो पुन्हा उजेडापुढे धरला.

"त्या दिवशी हे नव्हतं. तुम्हीही पाहिलंत. एकदा धुतलेला फोटो बदलत नाही, मिस्त्री."

"मग हे काय?"

"मला नाही सांगता येत."

मलाही नाही. आजतागायत कुणालाच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हातोडे सुरू व्हायच्या आत, फोटो घेऊन आळीतल्या एकेका दाराशी उभा राहिलो. ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्या सगळ्यांना म्हणालो, "बघा. गिळल्या होत्या तिनं. खोटा मी."