तळ्याकाठचा ग्रॅनाइट

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे. पण आत काहीतरी सारखं टोचतं, एका जागी बसू देत नाही.

बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत छोटं तळं आहे, त्यात पाळलेली बदकं. पुण्याहून आल्यावर मी हौसेनं कमिटीत शिरले आणि काठावरचा चिखल काढून खडबडीत ग्रॅनाइट बसवून घेतला. माणसं घसरू नयेत म्हणून. फोटो काय सुंदर आले! मी तर हवेतच होते.

मग बदकं लंगडायला लागली. तळव्यांना सूज, मधोमध काळी खपली, खाली पू. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय उलटा करून मला दाखवला. म्हणाले, हा दगड तळवे सोलतोय, काढून टाका. तेव्हा तिथं मी एकटीच होते. म्हणून तर जमलं सगळं.

कारण संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मी काय लिहिलं? की बाहेरचं खाणं घातल्यामुळे बदकांच्या पायांना संसर्ग झालाय, कृपया कुणी काही घालू नये. आता खाणं घालायचं कोण? एकट्या सरोजक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातल्या, शहरातल्या जुन्या मल्लेश्वरमचं घर सोडून मुलाकडे आलेल्या. इथं त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. रोज सकाळी भाताचा डबा घेऊन बदकांशीच मराठीत बोलत बसायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात. "स्वल्प मऊ भातच घालत होते गं मी. माझ्याच हातानं झालं म्हणायचं का?"

बोलायला काय झालं होतं मला? एक वाक्य तर होतं! मी म्हटलं, "जाऊ दे अक्का, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

म्हणजे — मी त्यांना माफ केलं. मी!

दगड काढायचा तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तो तिथंच आहे. बदकांच्या तळव्यांवर मलमानं खपली धरते, पुन्हा निघते.

अक्का आता तळं टाळून लांबच्या वाटेनं जातात. काल मात्र ती वाट खणून ठेवली होती, त्यामुळे त्यांना काठानं यावं लागलं. मोठ्या पांढऱ्या बदकानं त्यांना ओळखलं. पाण्याबाहेर आलं, त्या ग्रॅनाइटवरून लंगडत त्यांच्यामागे निघालं. अक्कांनी दोन्ही रिकामे हात वर करून त्याला दाखवले, "नको रे राजा, माझ्याजवळ येऊ नकोस," म्हणाल्या, आणि जवळजवळ पळतच गेल्या.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. उरलेले घातले आणि आत आले.