फिकी बाजू

ग्लेनिस स्क्रिव्हन रंग लावत असताना शेडमध्ये शिंकायचं नाही, असा काही लेखी नियम नाही. पण डॅरिलने एकदा शिंकून पाहिलं आणि पुढे आठवडाभर तो दुपारचं जेवण बाहेर गाडीत बसून खात होता. शेड डॅरिलची, धंदा डॅरिलचा, गिटारच्या डोक्यावर नावही डॅरिलचंच. तरीसुद्धा.

शेड म्हणजे गीव्हस्टनच्या वरच्या रस्त्याला असलेली सफरचंदांची जुनी शेड. ग्लेनिस सोळाव्या वर्षी याच शेडमध्ये लागली, सफरचंदं निवडायला. पट्ट्यावरून फळ समोर येईपर्यंत त्याचा लाल पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या, हे ठरवायचं. पुढे बागा उपटल्या गेल्या, बायका घरी बसल्या, ग्लेनिस फर्निचरच्या पॉलिशला गेली आणि वीस वर्षांनी डॅरिलच्या गिटारी रंगवायला त्याच छपराखाली परत आली. आता ती एकसष्टची आहे. उजव्या खुब्याचं हाड कुरकुरतं, त्यामुळे चालते बदकासारखी. पण हे मी लिहिलंय, तोंडावर कोणी म्हणत नाही.

मी पलीकडच्या खोलीत पिकअप गुंडाळतो. म्हणजे तारांच्या खाली बसणाऱ्या चुंबकावर केसाएवढी तांब्याची तार आठ हजार वेळा. या कामात हात अडकतात आणि कान मोकळे राहतात, त्यामुळे शेडमधलं सगळं मला ठाऊक असतं.

क्लॅरी व्हेरेटची फळी आली तेव्हा ती जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. क्लॅरी म्हणजे जन्मभर रानात झाडं पाडलेला माणूस. एकतीस वर्षांपूर्वी त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ मर्व्ह याने एक ब्लॅकवूड पाडलं होतं, आतून अंगभर लहरी असलेलं. पाण्यावर वारा सुटावा तशा बारीक आडव्या लहरी. हजारातल्या एखाद्या झाडात निघतात. त्याच हिवाळ्यात दुसऱ्या एका झाडाखाली मर्व्ह गेला. बाकीचं लाकूड विकलं गेलं, ही एक फळी क्लॅरीच्या पलंगाखाली राहिली. मर्व्हची मुलगी केरिन तेव्हा दोन वर्षांची होती. आता ती होबार्टमध्ये गिटार वाजवते, आणि क्लॅरीला तिच्यासाठी या फळीची गिटार हवी होती. रंग नदीच्या पाण्याचा. आमच्या नदीचं पाणी गवताच्या मुळांमधून येतं, कोऱ्या चहासारखं तांबूस. ऊन पडलं की तळ पेटल्यासारखा दिसतो.

“दुसरी फळी आहे का, चुकलंच काही तर?” डॅरिलने विचारलं होतं.

“भाऊ दुसरा आहे का?” क्लॅरी म्हणाला. तो विषय तिथेच मिटला.

डॅरिलने फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली आणि दोन्ही पानं शेजारीशेजारी चिकटवली, म्हणजे डावीकडच्या लहरीचं प्रतिबिंब उजवीकडे. मग कोरून कोरून कडेला तिची जाडी उरली अडीच मिलिमीटर. पिकअपसाठी पाडलेल्या भोकात डोकावलं की ती जाडी दिसते. खाली गिटारच्या अंगाचं फिकं लाकूड, वर चिकटवलेला हा काळसर थर. त्याहून खाली जाणं म्हणजे संपलं.

एका मंगळवारी ग्लेनिसने पहिला हात दिला. आधी काळपट रंग, तो वाळल्यावर पॉलिशपेपरने घासून काढायचा, म्हणजे काळं फक्त लहरींच्या खोलात उरतं. मग चिंधीने तांबूस रंग. गिटार खिडकीजवळच्या लांब बाकावर आडवी. मान दाराकडे, बूड आतल्या भिंतीकडे. एक पान खिडकीकडे, दुसरं खोलीकडे. काम झालं, ती हात धुवायला मागच्या नळावर गेली. चिंधी बशीत, बाटली उघडी. एवढीच तिची चूक, आणि ती तिने नंतर स्वतःच चार वेळा बोलून दाखवली.

ती परत आली तेव्हा डॅरिल गिटारच्या मानेशी उभा होता आणि हसत होता.

“ग्लेनिस, मानलं तुला. दोन्ही पानं अगदी एक! इतकं सारखं मी कधी पाहिलं नव्हतं.”

तार माझ्या बोटात थांबली, कारण ग्लेनिसची पावलं घाईने मानेकडे गेलेली ऐकू आली.

मी दारात आलो. ती मानेपाशी उभी राहून पाहत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही पानं खरंच सारखी दिसत होती. हीच तर भीती होती. पुस्तकासारखं लाकूड उघडलं की एका पानाचे तंतू तुमच्याकडे झुकलेले असतात, दुसऱ्याचे पाठ फिरवून. मानेकडून पाहिलं तर खिडकीकडचं पान फिकं, खोलीकडचं गडद. बुडाकडे जाऊन पाहिलं तर बरोबर उलटं. गिटार फिरवली की उजेड या पानावरून त्या पानावर उडी मारतो. त्यासाठीच लोक जीव टाकतात. एका बाजूने दोन्ही पानं सारखी दिसायला लागली, याचा अर्थ कोणीतरी फिकं पान ‘राहिलंय’ समजून पुन्हा रंगवलं होतं.

ग्लेनिस खुबा धरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली. बुडाकडून खिडकीचं पान डांबरासारखं दिसत होतं. एक लहर शिल्लक नव्हती.

“मी दोनदा लावला का?” ती हळूच म्हणाली. “डॅरिल, मी विसरले का?”

हे ऐकणं वाईट होतं. तिची आई याच वाटेने गेली होती; आधी किटली विसरायची, शेवटी ग्लेनिसलाच विसरली.

क्लॅरी तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा पीत होता. तो रोज दहाच्या सुमाराला यायचा, फळी ‘बरी आहे ना’ बघायला, जणू ती इस्पितळात असावी. आता तो कपात फारच लक्ष घालून बसला होता. कपाच्या पांढऱ्या कानावर तांबूस अंगठा उमटला होता.

ग्लेनिसने तो पाहिला.

“क्लॅरी, हाताला काय लागलंय?”

“बीट. सँडविचमधलं.”

“तुझ्या सँडविचमध्ये मटण आणि मोहरी होती. मला अर्धं देत होतास.”

क्लॅरीने कप ठेवला. अडुसष्ट वर्षांचा, दाराएवढा माणूस, आणि आवाज मांजराएवढा. “एक बाजू फिकी राहिली होती, ग्लेन. मला वाटलं, तुला रंग पुरला नाही. म्हटलं तिचं कंबरडं दुखतंय, आपण जरा… जन्मभर कुऱ्हाडीच्या दांड्यांना तेल लावलंय मी.”

“कुऱ्हाडीच्या दांड्याला,” ग्लेनिस म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. तिचं डोकं शाबूत होतं. आता फक्त फळी उरली.

“काळी करू सगळी,” डॅरिल म्हणाला. “कडेने काळी, मध्ये गडद. लोक मुद्दाम मागतात तशी.”

“हो, हो, काळी चालेल,” क्लॅरी घाईने म्हणाला. “केरिनला काळी आवडेल. मी सांगेन तिला.”

“काय सांगशील? तुझ्या बापाची फळी आहे बघ, फक्त दिसत नाही?” ग्लेनिसने बाह्या वर सारल्या. “डॅरिल, स्पिरिट आण. कोऱ्या चिंध्या, सगळ्या. आणि क्लॅरी, तू तिथेच बस. दुसऱ्या कशाला तेल लावू नकोस.”

रंग स्पिरिटमधला होता, म्हणून स्पिरिटनेच तो थोडा वर खेचता येतो. वाळून मुरायच्या आत. चिंधी भिजवायची, दाबून धरायची, उचलायची, फेकायची. पुसायचं नाही, पुसलं की रंग शेजारच्या पानात जातो. दोन तास ती हेच करत होती. जमिनीवर चिंध्यांचा ढीग आधी लाल, मग गुलाबी, मग जेमतेम गुलाबी. मग रंग यायचा थांबला आणि पान अजून गडदच होतं.

मग तिने खरवडायचा पोलादी पत्रा घेतला. पॉलिशपेपरने रंगाची भुकटी रंध्रात बसते. पत्र्याने कागदाहून पातळ साल निघते. दर चार ओढींनंतर ती भोकात डोकावायची. अडीचचे दोन झाले. दोनचे पावणेदोन. लहरी परत दिसू लागल्या, जणू खालून कोणी दिवा वर आणतंय.

“थांब ग्लेनिस,” डॅरिल म्हणाला. “कडेला किती आहे बघ.”

“बघतेय.”

“दीडसुद्धा नाहीये.”

“मला डोळे आहेत, डॅरिल.”

आणखी दोन ओढी. पत्र्याचा आवाज बदलला, जरा पोकळ झाला. तो मला पलीकडून ऐकू आला, तिला हाताला कळला असणार. तिने पत्रा खाली ठेवला आणि दोन्ही हात बाकावर टेकले. पुढे जायला लाकूड नव्हतं, आणि खिडकीचं पान अजूनही जेवढं असायला हवं त्यापेक्षा थोडं गडद होतं.

“आता?” डॅरिलने विचारलं.

“आता क्लॅरीने केलं तेच करायचं. दुसऱ्या पानाला.”

म्हणजे खोलीकडचं पान इतकंच गडद करायचं की दोन्ही बरोबरीला येतील. पण बरोबरी म्हणजे सारखं दिसणं नव्हे; मानेकडून हे जेवढं फिकं, बुडाकडून ते तेवढंच फिकं. आणि रंगाचा खरा कस कळतो तो ओला असताना, स्पिरिट उडेपर्यंतच्या दहा-बारा सेकंदांत. तेवढ्यात बाकाला वळसा घालून पलीकडे जायला तरणा खुबा लागतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी डोळे हवे होते.

डॅरिल पुढे झाला. ग्लेनिसने मान हलवली. “तुला एकसारखं दिसलं होतं आणि तू हसत होतास.” मग तिने रंगाची नमुनापट्टी उचलली, एक म्हणजे सगळ्यात फिकी ते नऊ म्हणजे सगळ्यात गडद अशा छटांची, लांबीत चिरून तिच्या दोन पट्ट्या केल्या आणि एक क्लॅरीसमोर धरली. “ये. मानेशी उभा राहा, मी बुडाशी आहे. मी आकडा विचारेन, तू सांगायचा. बाकी एक शब्द नाही.”

“मी? ग्लेन, मीच तर…”

“रानात उभ्या झाडाची साल बघून आतली लहर ओळखायचास ना? मग हे तर उघडं पडलंय.”

क्लॅरी उठला. बाकाच्या कडेला पोट लागू नये म्हणून श्वास आत घेऊन उभा राहिला. ग्लेनिसने खोलीकडच्या पानावर अगदी पातळ, पाणचट हात फिरवला.

“माझ्याकडून खोली तीन, खिडकी सहा. तुझ्याकडून?”

“खिडकी तीन, खोली… सहा. सहाच. झालं ग, बरोबर आलं!”

ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली. “मला खूश करायला उभा आहेस की रंग सांगायला?”

क्लॅरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. स्पिरिट उडून गेलं होतं. “खिडकी चार,” तो म्हणाला. “चारच्याही जरा पलीकडे. खोली पाच.”

“हं. पुन्हा.”

दुसरा हात. “खोली तीन, खिडकी सहा. तुझं?”

“खिडकी चार. खोली पाच, वर जरासं.” आता आवाज वेगळा होता, झाड कुठे पडणार हे ओरडून सांगणाऱ्या माणसाचा.

तिसरा हात. चौथा. दर वेळी ती रंगात आणखी स्पिरिट घालून तो पातळ करायची, कारण आता पुढे गेलं तर मागे यायला वाट नव्हती. खोलीचं पान जास्त गडद झालं तर खिडकीचं खरवडायला काही उरलंच नव्हतं. डॅरिल शेडबाहेर जाऊन परत आला. मी एका पिकअपची तार तोडली, आठ हजारांतल्या सहा हजाराव्या वेढ्याला.

“माझ्याकडून खोली चार, खिडकी सहा.”

“खिडकी चार. खोली साडेपाच.”

पाचवा हात. चिंधीत रंग असल्याची शंकाच यावी इतका कमी.

“खोली चार. खिडकी सहा. क्लॅरी?”

क्लॅरीने डोळे बारीक केले. पट्टी पुढे धरली, मागे घेतली. सेकंद चालले होते. “खिडकी चार,” तो म्हणाला, “खोली सहा. थांब.”

ग्लेनिसचा हात सहाव्यांदा बशीकडे गेला होता. “मला वाटतं अजून एक…”

“थांब म्हणालो ना, बाई!”

एवढ्या मोठ्याने त्या शेडमध्ये ग्लेनिसवर कोणी ओरडलं नव्हतं. माझी खात्री होती की आता क्लॅरीही गाडीत जेवणार. तिचा हात बशीवर तसाच राहिला. चिंधीतून एक थेंब परत बशीत पडला. मग तिने चिंधी सोडली.

वाळल्यावर गिटार फिकट, मेलेली दिसत होती. रंगवलेलं लाकूड वरून पारदर्शक लॅकर चढेपर्यंत तसंच दिसतं. त्यामुळे त्या दिवशी कोणालाच काही कळलं नाही, आणि तिघेही एकमेकांशी फार अदबीने बोलून घरी गेले.

सकाळी ग्लेनिसने लॅकरचा पहिला हात मारला. क्लॅरी दहाऐवजी सातला येऊन दाराबाहेर उभा होता. तिने मानेकडून पाहिलं, मग सावकाश, खुब्यासकट, बुडाकडे गेली. पुन्हा मानेकडे आली. गिटार उभी करून खिडकीसमोर फिरवली, आणि नदीवर ढग सरकावा तसा उजेड खिडकीच्या पानावरून खोलीच्या पानावर गेला आणि परत आला.

“ये आत,” ती म्हणाली. “पाय पुसून ये.”

क्लॅरी आला. पाहिलं. मग म्हणाला, “मर्व्ह म्हणाला होता, यात आग आहे.” आणि नाक शिंकरायला बाहेर गेला, कारण आत शिंकरायची त्याची हिंमत नव्हती.

आता पुस्तकासारखी उघडलेली फळी रंगवायला आली की ग्लेनिस डॅरिलला हाक मारत नाही, क्लॅरीला फोन करते. तो येतो, मानेशी उभा राहतो, आकडे सांगतो. अट एकच आहे, हात पूर्ण वेळ खिशात. तिचा आकडा चुकला असं त्याला वाटलं तर ग्लेनिस वाद घालते, कधीकधी अर्धा तास. डॅरिल तोवर बाहेर जाऊन शिंकून येतो.